तांड्याच्या तोंडाशी खणलेला चर

यवतमाळहून पुसदकडे निघालो, ते वाटेतल्या एका गावी बस बदलेपर्यंत माझी प्रकृती आणि मनःस्थिती दोन्ही ठीक होत्या. त्या गावच्या स्थानकात चाकाच्या खुर्चीसाठी आणि माझ्यासारख्या कुबडीवाल्यांसाठी एक उतार बांधलेला आहे. टाळेबंदीत सर्व प्रवाशांना एकाच दाराने आत घ्यायचे म्हणून त्यावर आडवे बांबू बांधण्यात आले. पुढे साथ गेली, बांबू गेले, आणि त्या जागी मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. चौकशीच्या खिडकीतील गृहस्थांना याबाबत विचारले, तेव्हा "तेव्हापासून बंदच आहे" असे त्यांनी सांगितले. 'तेव्हापासून' हे जणू एखाद्या अधिनियमाचे कलम असावे. जिल्हा न्यायालयात लिपिक म्हणून माझे आयुष्य गेले आहे. बंद करण्याचा आदेश ज्या प्राधिकाऱ्याने काढला, उघडण्याचे कर्तव्यही त्याच्याचकडे असते, हे मी त्या गृहस्थांना पुरेशा मोठ्या आवाजात समजावून दिले. मग एका सहप्रवाशाचा खांदा धरून पायऱ्या चढलो आणि दुसरी बस पकडली.

दिग्रस मागे पडले आणि राग थोडा निवला. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरी वाळून खडखडत होत्या, पलीकडच्या टेकड्यांवर सागाची पाने तांबूस झाली होती. याच रस्त्याने मी पूर्वी दर हिवाळ्यात धनसिंगकडे जात असे. धनसिंग राठोड जन्मांध आहे. तरुणपणी पुसदला त्याचे टेलिफोनचे बूथ होते, आणि तिथेच आमची मैत्री जमली. म्हातारपणी तो आपल्या तांड्यावर परतला. मी येणार असलो की तो तांड्यावरून एकटा चालत फाट्यावर येऊन उभा राही. बस थांबण्याआधीच त्याचा हात वर गेलेला असे. त्या वर केलेल्या हाताकडे पाहत मी कितीतरी हिवाळे त्या फाट्यावर उतरलो.

टाळेबंदीनंतर मी प्रथमच येत होतो, आणि या वेळी फाट्यावर त्याची सून कविता उभी होती. माझी पिशवी घेत ती म्हणाली, "मामाजी (सासरे) घरीच हायेत. आता एकटे नाही निंगत ते."

कारण मला तांड्याच्या तोंडाशीच दिसले. साथीच्या काळात बाहेरचे कोणी आत येऊ नये म्हणून लोकांनी गाडीवाटेवर आडवा चर खणला होता. नंतर तो बुजवला, पण ट्रॅक्टर जाईल एवढाच. डावीकडचा भाग तसाच उघडा, गुडघाभर खोल, आत बाभळीच्या सुकलेल्या फांद्या. आणि धनसिंगची वाट नेमकी डावीकडून होती. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेने मातीत पाडलेल्या चाकोरीत काठीचे टोक ठेवून तो फाट्यापर्यंत चालत येई. ती चाकोरी आता चराशी येऊन संपत होती.

अंगणात माझी कुबडी वाजताच धनसिंग म्हणाला, "आला का वकील? कुबडीचं रबर बदललं वाटते." मी वकील नाही, हे मी त्याला आयुष्यभर सांगत आलो आहे.

कविताने बाटी (ज्वारीची भाकरी) आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवता जेवता धनसिंगने त्या दिवसांची हकीकत सांगितली. पूर्वी फाट्यावर कोणीही त्याचा दंड धरून त्याला बसमध्ये चढवीत असे. टाळेबंदीत लोक लांबूनच "तिकडे, तिकडे" सांगू लागले. आंधळ्याला 'तिकडे' म्हणजे कुठे, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकात मला आढळला नाही. मग एका सकाळी तो चरात पडला.

"पडल्याचं काही नाही रे," तो म्हणाला. "वरून एक जन बोलत राह्यला, डावा पाय उचल, उजवा उचल. पन हात नाही देल्ला. त्याचं बी चुकलं नाही, भेव होतं तवा. पन मंग मी वाट सोडली."

मी ताट बाजूला सारले आणि तिथल्या तिथे तहसीलदारांच्या नावे अर्ज तोंडी मांडू लागलो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा काही शोभेसाठी केलेला नाही. धनसिंगने मला दुसऱ्या वाक्यावरच थांबवले. "अर्ज देशीन तं चौकशी येईन, आन् चौकशी तांड्याची होईन. चर खना म्हनून सगळ्यात जोरानं मीच बोल्लो होतो. आता कोनाले पकडतं?"

अर्ज राहिला. मी तांड्याच्या नाईकांकडे (तांड्याचे प्रमुख) गेलो आणि जी कलमे कागदावर लिहिणार होतो ती त्यांना बाजेवर बसून ऐकवली. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "साहेब, आमाले वाटलं, भाऊचं वय झालं, म्हनून निंगत नसन. त्यानं कधी म्हनलंच नाही."

मी कुबडी उचलली आणि त्यांना चराकडे घेऊन गेलो.

दुपारी नाईकांनी स्वतःचा ट्रॅक्टर लावला. फांद्या निघाल्या, चर भरला. मी काठावर उभा राहून सूचना देत होतो. एक ढेकूळ राहता कामा नये, एक खड्डा राहता कामा नये. फाट्यापर्यंतची सारी वाट फळीने सपाट करून घेतली. कुबडी टेकवत मी तीवरून एक फेरी मारली, आणि शासनाने बांधलेल्या कोणत्याही उतारावर लाभले नाही असे समाधान मला लाभले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तांडा पाहायला जमला. धनसिंगने काठी पुढे केली, उजवीकडे चाचपले, डावीकडे चाचपले, काही पावले चालला आणि सरळ तुरीच्या शेतात शिरला. तिथेच थांबून त्याने विचारले, "वाट कुठी गेली?"

मग कविताला हसू फुटले. "लई गुळगुळीत केली तुमी, काकाजी. चाकोरीच पुसून टाकली."

"वकिलानं वाट जप्त केली," तुरीतून धनसिंग म्हणाला, आणि मग मात्र सारा तांडा हसला. मीही हसलो, जरा उशिराने.

तांड्यात लोखंडी धावेच्या लाकडी चाकांची एकच गाडी उरली होती. नाईकांनी ती बाहेर काढली, तीत मुरूम भरला, मातीवर पाणी शिंपडले आणि बैल जुंपले. गाडी फाट्यापर्यंत जाऊ लागली, परत येऊ लागली, पुन्हा जाऊ लागली. वाटेच्या डाव्या कडेला चाकाखाली माती हळूहळू दबत गेली. दुसरे चाक वाटेच्या बाहेरून, गवतातून चालवायचे, म्हणजे कुबडीसाठी मधली पट्टी सपाट राहील, हे कविताने गाडीवानाला बजावले. धनसिंग मध्येच वाकून बोटांनी खोली पाही आणि म्हणे, "अजून."

ऊन उतरू लागले तेव्हा तो उठला, त्याने काठी चाकोरीत ठेवली आणि चालू लागला. मी मधल्या पट्टीवरून त्याच्या बाजूने निघालो. चर होता ती जागा त्याला कळली असावी. तिथे त्याचे पाऊल क्षणभर अडले, मग पुढे पडले. फाट्यावर त्याने माझ्या परतीच्या बसचा आवाज माझ्याआधी ओळखला आणि हात वर केला. कविता मागून अंतर राखून येत होती. त्याने मान न वळवता तिला सांगितले, "तू जाय घरी. चुलीकडं पाह्य." ती वळली.

मी चढलो आणि बस सुटली. मागच्या काचेतून मला तो परत निघालेला दिसला. एकटा, घाई न करता, काठी जमिनीवरून न उचलता. वळण येईपर्यंत मी पाहत राहिलो.

यवतमाळला पोहोचल्यावर जुने कागद चाळताना टाळेबंदी उठवल्याच्या आदेशाचे कात्रण हाती लागले. 'तत्काळ प्रभावाने' असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आदेशाच्या भाषेत दोष नाही. त्या तांड्यावरच्या एका माणसापुरता तो परवा संध्याकाळी अमलात आला, एवढेच.