जमिनीखालची हवा रोखणारे ताहिर परकार

श्री. ताहिर परकार यांची व माझी ओळख सन १९९६ च्या जानेवारी महिन्यात झाली, ती आमच्या घरातील हवेच्या यंत्रामुळे. ते मूळचे रत्नागिरीचे. बहारीनमध्ये ते एसी-हीटरचे पत्राकाम, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे नळ बनविण्याचे काम, करीत. मी तेव्हा तेथीलच बुदैया गावी माझा मुलगा उज्ज्वल याच्याकडे राहत होते.

उज्ज्वल प्रयोगशाळेत नोकरीस होता. तेथून त्याने रेडॉन वायू मोजण्याचा मीटर आणला. हा वायू मातीतून निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. परंतु वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मीटरवरचा आकडा मी स्वतः वाचला: चारशे दहा! तो दीडशेच्या आत हवा, असे उज्ज्वल म्हणाला. घरात माझी चार महिन्यांची नात होती. सून सीमा हिने तत्काळ बॅग भरावयास घेतली.

हवेच्या यंत्राचा संशय येऊन उज्ज्वलने ताहिर यांना बोलावले. आमच्या खोल्यांतील हवा जमिनीलगतच्या जाळीतून फरशीखालच्या नालीत शिरे व यंत्राकडे परत जाई. त्यांनी जाळीवर पुठ्ठा चिकटविला, पंखा सुरू केला आणि नाली यंत्रास मिळते तेथे फटीतून उदबत्ती नालीच्या आत धरली. धूर सरसर यंत्राकडे ओढला गेला!

"मावशी, बघितलंत? जाळी बंद, मग पंखा ही हवा ओढतो कुठून?"

"जमिनीतून!" मी ओरडले.

"ताहिरभाई, ही नाली कुठल्या शहाण्यानं बांधली?" उज्ज्वलने विचारले.

"ह्याच शहाण्यानं." ताहिर यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "तीन वर्षांपूर्वी. पत्रा वाचवला म्हणून शेटनं पाठ थोपटली होती. आत नुसत्या विटा आहेत, भाऊ. यल्ला, चला, बुजवू या!"

दोन दिवस घरात नुसती धांदल! त्यांनी नालीची तोंडे काँक्रीटने बंद केली, पाइपांभोवतीच्या फटी भरल्या, परतीची हवा छतालगत पत्र्याच्या नळातून नेली व प्रत्येक सांध्यास लेप दिला. सीमा बाळास घेऊन मैत्रिणीकडे राहिली.

तिसऱ्या दिवशी मीटर लावला. चौथ्या दिवशी आम्ही तिघे त्याभोवती वाकलो. बहात्तर! मी टाळ्या वाजविल्या. उज्ज्वल सीमेला फोन करावयास धावला.

ताहिर मात्र मीटर हाती घेऊन उभेच होते. उज्ज्वल परत येताच ते म्हणाले, "उज्ज्वलभाऊ, जिदहफ्समध्ये पाच घरांत मी अशीच नाली बांधली आहे. हा मीटर मला आठवडाभर द्या."