थांबा म्हणणारं घड्याळ

म्हाळसाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण फोनवरनं फोटो टाकता येत होता, आणि त्याचा रुबाब सोनारीच्या शिवारात सगळ्यांना दाखवून झाला होता. लेक मंजुषा सोलापूरला एका दवाखान्यात नर्स. तिनं आईला फोन घेऊन दिला आणि शिकवलं, ह्या हिरव्या चौकटीत जायचं, माझं तोंड दिसतंय तिथं बोट लावायचं, कॅमेरा दाबायचा. झालं. तेव्हापासनं बाईचं निम्मं बोलणं फोटोतच. जेवण झालं की रिकाम्या ताटाचा फोटो, गुडघा सुजला की गुडघ्याचा. एकदा उंदरानं कुरतडलेल्या चपलेचा टाकला, तर पुढच्या खेपेला मंजुषा नवी चप्पल घेऊनच आली. मग कशाला पायजे बाराखडी, असं बाई तोंडावर विचारायची.

नवरा महारुद्र जाऊन तीन वर्षं झाली होती. एकटीच्यानं कळप हाकलणं होईना, म्हणून तिनं मेंढरं विकली आणि गावातल्या व्यंकटच्या शेतावर राखणीला राहिली. विकताना एक भुरी तेवढी ठेवली. म्हाळसाबाईच्या लग्नात तिच्या आईनं एक मेंढी आंदण दिली होती, आणि भुरी ही त्या मेंढीच्या वंशातली शेवटची. आता आई नाही, भाऊ नाही, घर पडून तिथं बाभळी माजल्या. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते चार पायांवर उभं राहून दावणीला ओरडत होतं. लोक हसायचे, पण बाई तिला 'आईची भुरी'च म्हणायची. आठ दिवसांमागं ती व्याली. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं कोकरू झालं, आणि बाईच्या जिवाला केवढा तरी आधार वाटला.

भैरवनाथाच्या यात्रेला मंजुषा आली ती एका दिवसासाठीच. निघताना तिनं आईचा फोन बघितला, तर दिवसभराचं नेट सकाळीच खलास. पै-पाहुण्यांच्या ग्रुपवरची फुलं, देव, सुप्रभात, सगळं आपोआप उतरून बसलेलं. तिनं नेट बंद केलं. वरनं बोट खाली ओढून दाखवलं, हे दोन बाण दिसतात ना, काम असलं की दाबायचं, काम झालं की परत दाबायचं. म्हाळसाबाई 'व्हय व्हय' म्हणत लेकीच्या पिशवीत भज्यांचं पुडकं कोंबत होती. लेकरू निघालं की आईच्या कानात काय शिरतंय डोंबल? काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी यात्रेचा मोठा दिवस. व्यंकटचं घरदार पालखीला गेलं, शिवारात चिटपाखरू उरलं नाही. खळ्यावर मळणी झालेला जोंधळा ताडपत्रीखाली पडला होता, त्याच्यावर नजर ठेवायला म्हाळसाबाई. सकाळी लाईट आली म्हणून ती बोअरवर घागरी भरायला गेली. लाईट काय, आली तशी जाती, म्हणून आधी पाणी. तेवढ्यात भुरीनं दावं तोडलं आणि ताडपत्रीत मुंडकं घातलं. बाळंतीण जनावर, भूक खवळलेली. पोटाला तडस लागंस्तोवर खाल्लं तिनं.

बाई आली तर भुरी पाय फाकवून उभी. दात करकरा वाजत होते, डावी कूस फुगून घागरीसारखी टणक झाली होती. बाईच्या हातातली घागर तिथंच कलंडली.

तेलाची बाटली घ्यायला ती खोपीत धावली आणि दारातच थांबली. मागच्या साली पोट फुगलेल्या एका शेळीला तिनं असंच घाईनं तेल पाजलं होतं. ते नरड्यातनं भलतीकडं गेलं, शेळी खोकून खोकून मेली. जनावरांचे डॉक्टर धनाजी तेव्हा लई बोलले होते, आणि मला विचारल्याबगर काही पाजणार नाही असा शब्द त्यांनी तिच्याकडनं घेतला होता. बाई शब्दाची पक्की. तिनं त्यांनाच फोन लावला. ते लसीकरणाला भूमकडं गेलेले, आजूबाजूला नुसता कालवा. ते म्हणाले, "मावशी, ऐकून औषध सांगता येत नाही. पोटाचा, तोंडाचा फोटो टाका, मी बघून लगेच सांगतो. तोवर काही पाजू नका."

फोटो होय? तो तर तिच्या हातचा मळ. तिनं कुशीचा काढला, तोंडाचा काढला, डॉक्टरांच्या चेहऱ्यावर बोट लावून टाकला. मंजुषाला टाकलेल्या फोटोखाली दोन खुणा उमटायच्या. आज तिथं बारकं घड्याळ आलं.

आता त्या घड्याळाचा अर्थ तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. फोटो फोनातनं निघालेलाच नाही, एवढा सरळ अर्थ. पण म्हाळसाबाईनं धनाजी डॉक्टरांचा दवाखाना बघितला होता. गर्दी असली की ते बोलायचे नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करायचे. म्हणजे थांबा, तुमचा नंबर येतोय. बाईनं स्क्रीनवरचं घड्याळ बघितलं आणि जिवात जीव आला. साहेबांनी बघितलं म्हणायचं. आणि फोन बंद पडलाय असं तिच्या मनात यावं तरी कसं? आत्ताच तर त्याच्यावरनं बोलणं झालं होतं.

ती थांबली.

भुरी खाली बसली. बाईनं बसलेलीचा फोटो टाकला. घड्याळ. भुरीच्या तोंडाला फेस आला, बाईनं फेसाचा टाकला. घड्याळ. कोकरू दूध प्यायला येऊन ढुसण्या देत होतं, त्याला तिनं दोनदा ढकललं आणि तिसऱ्यांदा पोटाशी धरून ठेवलं. डॉक्टरांना परत फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मंजुषाला लावला, पण ड्युटीत पोरींचे फोन कपाटात कुलपाखाली असतात. गावात पळत जावं तर भुरी एकटी, खांद्यावर घ्यावी तर पोट दाबलं जाणार. देवळाकडनं हलगी ऐकू येत होती. बाईनं तिकडं तोंड करून हाका मारल्या, घसा बसंस्तोवर मारल्या. हलगीपुढं कुणाला काय ऐकू जातंय?

तेलाची बाटली तिनं दोनदा हातात घेतली. दोन्ही वेळा घड्याळाकडं बघितलं आणि खाली ठेवली. साहेब थांब म्हणतेत, आन् म्या आगाऊपणा केला आन् ही मेली तर? भुरीचं मुंडकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. "थांब गं माझे बाई, सांगतेत, आत्ता सांगतेत," एवढंच म्हणत राहिली. उन्हं उतरली तेव्हा भुरीनं मान ताणली, चारी पाय एकदा झाडले, आणि दात वाजायचे थांबले. बाईला ते लगेच कळलं. पण मांडी तिनं हलवली नाही.

दिवस मावळता मंजुषाचा फोन आला. ड्युटी सुटली होती, आईचे एवढे फोन बघून ती घाबरली होती. भुरीनं जोंधळा खाल्ला, डॉक्टरांनी थांब म्हणून घड्याळ पाठवलंय, एवढं म्हाळसाबाईनं सांगितलं. कसलं घड्याळ, कुठं आलंय, ते तिनं विचारून घेतलं. मग मंजुषा म्हणाली, "आई, ते घड्याळ डॉक्टरांचं न्हाय. तुझे फोटो गेलेच न्हाईत." वरनं बोट ओढ, दोन बाण दाब, मी परत फोन करते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

बाईनं दाबलं. एकामागं एक घड्याळं पुसली गेली आणि दोन-दोन खुणा उमटल्या. फोटोंकडं बघत ती बसली. थोड्या वेळानं फोटोंखाली डॉक्टरांचा आवाजातला निरोप आला. ते नुकतेच गाडीत बसले असावेत, घाईघाईनं पहिल्याच फोटोवर बोलत होते: "मावशी, घाबरू नका, धान्य जास्त झालंय. घरात खायचा सोडा असंल तर दोन चमचे कोमट पाण्यात कालवा आणि गालातनं हळूहळू पाजा. वेळेत पाजलं तर सकाळपर्यंत उठून बसंल."

खायचा सोडा. लेकीसाठी भजी केली, त्यात घालून उरलेला. चुलीशेजारच्या डब्यात होता, तिथनं चार पावलांवर. म्हाळसाबाईनं तो आवाज परत एकदा ऐकला, आणि मग मात्र ती रडली. कपाळ बडवून, भुरीच्या लोकरीत तोंड खुपसून, आईचं नाव घेऊन रडली.

मंजुषाचा परत फोन आला तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसून घेतलं. पोरगी रडतच होती. नेट मीच बंद केलं, मीच केलं, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भुरी कशी हाय, डॉक्टर काय म्हणले, औषध पाजलं का? म्हाळसाबाईनं मांडीवरच्या थंड पडलेल्या कानावरनं हात फिरवला.

"पाजलं की. निवांत पडलीय आता. तू जेवून घे."

"मग तिचा एक फोटो टाक गं आई. बघितल्याबगर मला घास जायचा न्हाय."

टाकते, म्हणाली बाई. तिनं कॅमेरा उघडला. दिवेलागणीच्या उजेडात भुरी दिसत होती आणि तिच्या पोटाला लागून कोकरू झोपलं होतं. मग तिनं वरनं बोट खाली ओढलं. ते दोन बाण तिला आता नीट सापडले. तिनं ते दाबून विझवले, फोटो काढला आणि लेकीच्या चेहऱ्यावर बोट लावून टाकला. फोटोखाली घड्याळ आलं.

"टाकलाय बग," ती फोनात म्हणाली. "घड्याळ आलंय. थांब जरा, यील."