दातांनी ऐकणारा

पाणीखात्यात त्याला सगळे दातऐक्या म्हणत. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते शोधायचं, हे त्याचं काम. बाकीचे लोखंडी सळई रस्त्याला टेकवून वरच्या टोकाला कान लावत; हा ते टोक दातांत धरायचा. पहिली बारा वर्षं पंपघरात गेली, तिथल्या धडधडीनं कान बसले होते; समोरच्यानं मोठ्यानं बोललं तरच ऐकू यायचं. "खात्यानं कान घेतले, पण दात ठेवले, हे काय कमी?" असं म्हणून तोच आधी हसायचा.

खातं कंपनीकडे गेलं तेव्हा जुन्या माणसांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तो ताटकळत बसला. शेवटी न राहवून त्यानं यंत्राचं एक झाकण दातांत धरलं. तपासणाऱ्या बाईंनी ते ओढून घेतलं, पुसलं आणि कागदावर लिहिलं, 'अपात्र'.

तीन महिने घरी काढल्यावर कंपनीच्या साहेबाचा फोन आला. शाळेमागच्या गल्लीत नळाला घाण वास येत होता. पाइप गटाराशेजारी फुटला असणार. कंपनीनं नवं यंत्र आणलं होतं. त्यानं दाखवलेले चारही खड्डे कोरडे निघाले. "काका, एकदा येऊन दाखवा. मग वर बोलतो तुमच्यासाठी."

बायको शहाणी. "अहो, आधी कामाचा कागद हातात घ्या. नाही दिला तर दोन पावलं चुकवून खूण करा. पाचवा खड्डा कोरडा गेला की येतील नाक घासत."

त्याला ते पटलं होतं.

गल्लीत पोचताच त्यानं विचारलं, "साहेब, कागद?"

"आधी जागा, काका. न बघता कसा देऊ?"

त्यानं गुडघे टेकले, सळई दातांत धरली. गंजाची चव आली. कुठेतरी पिठाची गिरणी घरघरत होती, ती जबड्यात उतरली. सरकत सरकत तो विजेच्या खांबापाशी आला, आणि तिथे ती बारीक, न तुटणारी सरसर डोळ्यांच्या मागे जाऊन बसली. खांबाच्या बरोबर खाली. तो उठला, खडू काढला आणि ठरल्याप्रमाणे दोन पावलं बाजूला झाला.

समोरच्या दारात एक बाई बादली घेऊन उभी होती. तिनं त्याचा दंड धरून बादली दाखवली. "उकळलंय हो. लेकीला दोन दिवस जुलाब आहेत. चालेल ना पाजायला?"

त्यानं बादलीत पाहिलं. पाणी दिसायला स्वच्छ होतं.

"ओतून टाका ते," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता ओता."

आणि दोन पावलं मागे येऊन त्यानं खांबाखाली फुली मारली.

साहेबानं लगेच खणायला लावलं नाही. आधी यंत्र आणून फुलीवर ठेवलं, बटणं फिरवली. पडद्यावर रेघ थरथरायला लागली. "हाच तो आवाज! साठवून ठेवा," तो यंत्रावरच्या माणसाला म्हणाला. मग कुदळ पडली. कमरेइतक्या खोलीवर पाणी लागलं, शेजारी काळं गटार.

"साहेब, वर कधी बोलताय?"

"बोलतो ना काका. आता हे शिकलंय, चार दिवस याला कसं जमतंय ते बघू."

खड्ड्यातून जुना फिटर थुंकला. "गरज सरो नि वैद्य मरो. तुला अक्कल कधी येणार रे, दातऐक्या?"

घरी बायकोनं दारातच विचारलं, "दिला कागद?"

त्यानं मान हलवली. "तिथे एका बाईची पोर आजारी होती."

"आणि आपल्या पोरी?"

तो जेवायला बसला नाही. पाचव्या दिवशी बाजाररस्त्यावर यंत्रानं पहिल्याच फटक्यात गळती पकडली. फिटरनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा बायको दारात नव्हती. तिनं चार घरची भांडी धरली होती.