भुशाची गोणी
शेजारी सुतारकाम चाललंय आणि भुशाचा वास घरभर पसरलाय. आकुर्डीत कंपनीमागच्या शेडमध्ये आम्ही कराटे शिकायचो, तिथे हाच वास असायचा. लाकडी खोक्यांचा भुसा गोणीत ठासून ती तुळईला टांगायची आणि नडगी टणक होईपर्यंत तिला लाथा मारायच्या. भुसा खाली बसून दगडासारखा होतो, म्हणून रोज एकाने पाळीपाळीनं गोणी उतरवून उलटी करायची, झोडून मोकळी करायची. त्या सकाळी पाळी माझी होती. रात्रपाळी करून आलो होतो. गोणीला नुसता हात लावला. "केलीस ना मोकळी?" जोडीदारानं विचारलं. तो तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला. "केली रे," मी म्हणालो. त्यानं खालच्या अंगाला पूर्ण ताकदीनं लाथ घातली. आलेला आवाज गोणीचा नव्हता. पुण्याच्या स्पर्धेला आमच्यातून तोच जाणार होता. त्याच्या जागी मी गेलो. "काय राव, भुशानं हाड मोडलं?" कॅन्टीनमध्ये सगळे चिडवायचे. "व्हय," प्लास्टरचा पाय बाकावर टाकून तो म्हणायचा, "आमचं हाड दुधाचं न्हाई, ताकाचं हाय." सगळे हसायचे, मीही. तो पुन्हा शेडमध्ये आला नाही, पण 'ताक्या' हे नाव निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं. परवा त्याच्या दहाव्यालाही कुणीतरी त्याच नावानं आठवण काढली आणि मी मान डोलावली. आता नडगीवर बोट दाबून बघतो, काही जाणवत नाही. त्याचं हाड कच्चं नव्हतं. गोणी मी उलटी केली नव्हती.