बेलाखालची ओली माती

प्रिय ईरा, प्रिय शिवम,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला तर नाहीच. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं पाच मिनिटांत वाचून झालं असतं. पण हे इंग्रजीत लिहायला माझा हात धजत नाही. का, ते कळेलच.

आणि आताच का? गेल्या महिन्यात मी नांदेडहून लातूरला एका लग्नाला गेले होते. दुपार मोकळी होती, म्हणून साहेबाचा बंगला बघायला गेले. छोट्या रेल्वेच्या कोणा गोऱ्या इंजिनिअरसाठी तो बांधलेला. आता तिथे संग्रहालय केलं आहे. त्याचा मच्छरदाणीचा पलंग, वेताच्या खुर्च्या, सिंहाच्या पायांचा न्हाणीतला टब — सगळं दोरी लावून मांडलेलं. बाहेर हिरवळीवर पाण्याचा फवारा गोल फिरत होता. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

शेवटच्या खोलीत भिंतीवर काचेत एक टाइप केलेला इंग्रजी कागद होता. खाली पाटी — ‘दुष्काळात विहिरीचे रक्षण’. मी चष्मा लावायच्या आधीच ओळखला. त्या टाइपरायटरचं एक अक्षर ओळीच्या वर उडी मारायचं. माझाच टाइपरायटर होता तो.

शेजारी औशाकडची एक बाई उभी होती, सुनेबरोबर आलेली. मला म्हणाली, “आजी, तुमाला इंग्रजी येतंय जनू. काय लिवलंय हो हितं?”

आणि मी म्हणाले, “काही नाही. झाडांना पाणी कधी घालायचं, त्याचे नियम आहेत.”

ऐंशीच्या घरात आले मी. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. काय बिघडणार होतं माझं? तरी तोंडातून खोटंच आलं, आणि किती सहज! म्हणून हे लिहिते आहे.

आपला लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या कचेऱ्या आल्या, आणि त्यांना बसायला जागा नव्हती. त्यातली एक त्या बंगल्यात आली. मी तिथे टायपिस्ट होते. बी. ए., इंग्रजी विषय घेतलेला — आमच्या गल्लीत एवढं शिकलेली सून दुसरी नव्हती, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे. आमचे साहेब दक्षिणेकडून आलेले, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यामुळे साहेब आणि बाकीचं जग यांच्या मधे मी असायची. मला ते फार आवडायचं.

दोनेक वर्षं पाऊस झाला नव्हता. गावात टँकर यायचा तेव्हा घागरींची रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत जायची. बंगल्याच्या विहिरीला मात्र तळाशी पाणी होतं. साहेबांनी लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं. सकाळी शिपाई कचेरीच्या पिण्यापुरतं काढेल, बाकी कोणी दोर सोडायचा नाही, असा हुकूम. किल्ली माझ्या टेबलाच्या बिनकुलपाच्या खणात. का? तर मी टापटिपीची, विश्वासाची.

तुम्ही दोघं माझ्या टापटिपीची थट्टा करता ना? आजीच्या साडीला सुरकुती चालत नाही म्हणून? — त्या टापटिपीचीच ही गोष्ट आहे.

बंगल्यामागच्या खोलीत काशीबाई राहायची. मूळची उमरीची. तिचा नवरा तिथला माळी. तो वारल्यावर ती रोजंदारीवर त्याचं काम करायची, कचेरीही झाडायची. बाग तर जळूनच गेली होती, गुलाबांच्या काड्या उरल्या होत्या. पण स्वयंपाकघरामागे एक बेल होता, नवऱ्याने लावलेला, आणि तो तिने जगवायचाच ठरवलं होतं. विहिरीच्या पाण्याला तिने कधी हात लावला नाही. आमच्या लिंगायतांच्या गल्लीत घरोघर जाऊन ती धुण्याभांड्यांचं, अंघोळीचं वापरलेलं पाणी मागून आणायची. त्या बदल्यात दर सोमवारी प्रत्येक घरी पूजेला बेलाची पानं द्यायची. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या पानांशिवाय सोमवारी घास घेत नसत.

आता सांगायलाच हवं. कचेरी उघडायला सगळ्यांच्या आधी मी जायची. आणि रोज सकाळी मी त्या विहिरीतून एक घागर काढायची. प्यायला नाही. घरात प्यायला पुरेसं होतं. मला साडी धुवायला पाणी हवं होतं. दोन दिवस नेसलेली साडी नेसून साहेबांसमोर बसणं मला जमत नव्हतं. तहान नव्हती, मुलांनो. खळ घातलेली साडी होती.

काशीबाईने मला बघितलं होतं. कितीतरी वेळा. ती तोंड फिरवून उभी राहायची आणि म्हणायची, “मी काय बघितलं न्हाई बगा बाई. माझे डोळे झाडून काडायला गेलेत.” मग संध्याकाळी आमच्या दारात येऊन माझ्या साडीचं साबणाचं पाणी घेऊन जायची आणि हसायची — “बाई, तुमच्या साडीचं पानी पिऊन पिऊन माझा बेल बी कडक इस्तरीचा झालाय!”

मीही हसायची.

एके दिवशी शिपायाने पाणी काढायच्या आधीच साहेब विहिरीवर गेले. दोर ओला. पाणी चार बोटं उतरलेलं. त्यांनी भोवताली नजर टाकली, तर साऱ्या आवारात एकाच ठिकाणी माती ओली — बेलाच्या बुंध्याशी. त्यांनी काशीबाईला बोलावलं, मला बोलावलं आणि इंग्रजीत म्हणाले, विहिरीतून पाणी कोण काढतं, तिला विचारा.

काशीबाई पदर सावरून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, साहेबांकडे नाही. मी आहे म्हणजे आपलं बरंच होईल, असा चेहरा.

मी तिला विचारलं, “काशीबाई, बेलाला पाणी कोण घालतं?”

ती छाती पुढे काढून म्हणाली, “मीच की! दुसरं कोन घालतंय?”

आणि मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं — ती म्हणते, पाणी मीच काढते. झाडासाठी.

साहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की? तिला पश्चात्ताप आहे का? मी तिला म्हणाले, “बेल चांगला वाढलाय, म्हणतात.” ती हसून मान डोलवत राहिली. चोरी कबूल करून हसणारी बाई साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असेल. त्यांचा चेहरा लाल झाला.

ते आत गेल्यावर काशीबाईने माझा हात धरला. “माझं लई चांगलं सांगितलंत न्हवं, बाई?”

मी हो म्हणाले.

तासाभरात साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. पाणीचोरीबद्दल कामावरून काढण्यात येत आहे. सदर स्त्रीने गुन्हा स्वतः कबूल केला आहे. एकही चूक न करता टाइप केला. शिपायाने कागदाची प्रत तिला दिली, आणि ती घेऊन ती कोणाकडे येणार? माझ्याकडेच आली. “वाचून सांगा, बाई.”

मी वाचल्यासारखं केलं. सरकारने रोजंदारीवरची माणसं कमी केली, म्हणाले. तुझा काही दोष नाही, असंही म्हणाले — आणि त्या सगळ्यात तेवढंच खरं होतं.

कधी कधी वाटतं, मी खरा प्रश्न विचारला असता तर तिने माझं नाव घेतलं असतं का? मला खात्री आहे, नसतं घेतलं. डोळे झाडून काढायला गेलेत, असंच काहीतरी म्हणाली असती. म्हणजे खरा प्रश्न विचारूनही मी वाचलेच असते. पण तेवढाही विश्वास मी तिच्यावर टाकला नाही. आणि ती मात्र माझ्या तोंडाकडे बघून निर्धास्त उभी होती.

ती भावाकडे उमरीला गेली. निघताना सासूबाईंसाठी पदरातून बेलाची पानं घेऊन आली. मला म्हणाली, “आता बेलाकडं तुमीच बगा. जास्त काय न्हाई, तुमच्या साडीचं पानी तेवडं वतत जावा.”

मी ते पाणी मोरीत ओतलं. रोज. बेलाखालची माती पुन्हा ओली दिसली असती, तर साहेबांनी विचारलं असतं की काशीबाई गेली, मग आता कोण? म्हणून एक तांब्याही तिथे नेला नाही. सोमवारी सासूबाई विचारायच्या, “काशी कुनीकडं गेली गं?” मी म्हणायची, तिला बरं काम मिळालं. पुढच्याच महिन्यात माझी नांदेडला बदली झाली, मी मागितलेली. उमरी नांदेडपासून काही लांब नाही. इतकी वर्षं इथे काढली, मुदखेडपर्यंत कितीदा गेले. पुढे उमरीला एकदाही गेले नाही.

हे सगळं मी विसरले नव्हते, पण घडी घालून ठेवलं होतं. ती बाई म्हणाली, काय लिवलंय हो हितं, तेव्हा कळलं की मी अजूनही दोन माणसांच्या मधे उभी आहे आणि अजूनही मला हवं तेच सांगते आहे. म्हणून हे मराठीत. यात मधे कोणी नको.

संग्रहालयाला कळवायला हवं, हे मला समजतं. अजून कळवलेलं नाही. तिथे माझं नाव कोणाला ठाऊक नाही, तुम्हाला मी आजी म्हणून ठाऊक आहे, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. हे वाचून तुम्ही माझ्याबद्दल काय ठरवाल, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला उत्तर नको.

कागद अजून भिंतीवर आहे. त्यावर काशीबाईचं पूर्ण नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट. माझं कुठेही नाही.

त्या दिवशी निघण्याआधी मी स्वयंपाकघरामागे गेले होते. बेल आहे. दुमजली उंच झाला आहे. त्याला कोणी जगवलं, मला माहीत नाही. मी नाही.

— आजी