मावशीने वाचलेली त्रयी

माझी मावशी बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे जुळवायची. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पानं झाली की तो फर्मा, आणि असे फर्मे क्रमाने लावले की पुस्तक. तिचे हात इतके झरझर चालायचे की बघणाराच दमायचा. मी तिथेच शिवणीवर होते, म्हणून सांगते. भाची म्हणून बढाई मारतेय असं वाटलं तरी चालेल.

एकदा एका लेखिकेच्या तीन कादंबऱ्या एकदम छापून आल्या. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, त्याच्या क्रमांकाशेजारी पुस्तकाचं नाव असतं. छापखान्यातल्या शहाण्यांनी तिन्हींवर एकच शब्द छापला: त्रयी. आकडे तर तिन्हींचे एकपासूनच. त्यात मावशीने थप्प्या रचलेली फळीच मोडली आणि तिन्ही कादंबऱ्यांची जमिनीवर सरमिसळ झाली.

मालक तिच्यावरच उखडले. "तीन दिवसांत वेगळ्या झाल्या नाहीत, तर हे सगळं रद्दीत आणि तुम्ही घरी."

मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना आम्ही भिंगकाका म्हणायचो. मावशीने त्यांना गाठलं. "त्रयी म्हणजे काय हो?"

काका खुलले. एरवी त्यांना कोणी वेळसुद्धा विचारत नसे. "जुना शब्द आहे. ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, तिन्हींना मिळून त्रयी म्हणत. तिकडे जुन्या ग्रीसमध्ये नाटककार स्पर्धेत एकाच दिवशी तीन शोकनाट्यं करायचे. त्यांनाही तसाच, तिनाचा शब्द होता. आता एकमेकींशी नातं असलेल्या तीन कादंबऱ्यांना आपण त्रयी म्हणतो. नातं असलं तरी प्रत्येक आपापली पूर्ण."

"म्हणजे सख्ख्या बहिणी. मग चेहरे वेगळे असणारच," मावशी म्हणाली आणि तिथेच खाली बसून वाचायला लागली.

बायका हसल्या. फर्मे जुळवणारी आकडा बघते, मजकूर वाचायला लागली की हात मंदावतो. मावशी अख्खा दिवस वाचत राहिली. मालकांचा पारा चढला तरी तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे हात पुन्हा झरझर चालू लागले. पहिलीत आजी तरणी आहे, स्वतः विहिरीवर जाते. दुसरीत सून तिच्याशी अबोला धरते. तिसरीत नात तिला चमच्याने पाणी पाजते. मावशी पान बघायची, ओळखायची आणि फर्मा त्याच्या थप्पीवर ठेवायची.

तिसऱ्या दिवशी लेखिका आल्या. त्यांनी जुळवलेल्या पंचवीस प्रती पानन् पान चाळल्या. एकही फर्मा चुकला नव्हता.

"कसं ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"वाचून. उलटसुलट, पण तिन्ही वाचल्या. दुसरीतल्या सुनेचं मात्र मला पटलं नाही. सासूशी बोलायला हवं होतं तिने."

मालकांनी कपाळाला हात लावला. लेखिकेने स्वतःशेजारची खुर्ची ओढली. "बसा. का नाही बोलली ते सांगते, मग तुम्ही सांगा माझं कुठे चुकलं."

मावशी बसली, आणि हातातली कामं टाकून अख्खा कारखाना तिचं म्हणणं ऐकत उभा राहिला.