थांबू नका, असं मीच म्हणालो

कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर, किनाऱ्यालगतच्या गावात मी चार वर्षं गणित शिकवलं. गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, मासे उतरवायचा धक्का आणि टेकडीवरची शाळा. रेणापूरहून इतक्या लांब मी पोचलो तो वडिलांमुळे. अण्णा चौथी शिकलेले. किराणा दुकान चालवून त्यांनी मला लातूरला शिकवलं.

त्या गावात माणूस गेलं की लगेच पुरत नाहीत. मुलं लंडनला, न्यूयॉर्कला असतात. ती येईपर्यंत शवागारात ठेवतात. माझ्या घरमालकीणबाईंचा भाऊ मासेमारी करायचा. तो वारला तेव्हा त्याच्या मुलीसाठी सारं गाव सोळा दिवस थांबलं. रोज संध्याकाळी शेजारी त्यांच्या ओट्यावर बसून भजनं म्हणायचे, डॉमिनोही खेळायचे. मला ते विचित्र वाटायचं. आम्हा लिंगायतांतही पुरतातच, पण त्याच दिवशी. बसवून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन.

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रात्रीचं जेवत होतो. तिकडे सकाळ झाली होती. धाकटा भाऊ आधी नुसताच रडला. मग म्हणाला, "दादा, तू यायलास का? थांबावं का आमी?"

तीन विमानं, वर हैदराबादहून गाडी. तीन दिवस तरी लागणार. शिकलेल्या माणसानं घरच्यांना अडचणीत टाकू नये, असं मला वाटलं.

"थांबू नका," मी म्हणालो. "अण्णांना ताटकळत ठेवू नका."

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

माझ्याकडे उजाडत होतं तेव्हा व्हिडिओ कॉल आला. गर्दीत फोन हलत होता. खड्डा दिसला, स्वामींचे हात दिसले, बेलाची पानं दिसली. अण्णांचा चेहरा तेवढा दिसला नाही.

घरमालकीणबाई काळा झगा घालूनच आल्या आणि विमान कधीचं आहे ते विचारू लागल्या. झालं सगळं, मी म्हणालो.

"मुलगा पोचायच्या आधी?" त्या पायरीवर बसल्या.

मी आमची रीत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण संध्याकाळी शेजाऱ्यांना घेऊन आल्या. अण्णांना कधी न पाहिलेली ती माणसं नऊ दिवस माझ्यापाशी येऊन बसत होती.

सुट्टीत घरी आलो. आई गहू निवडत होती. चेहरा बघायचा राहिला, असं मी तिला म्हणालो.

"धाकट्यानं लातूरहून बर्फाची पेटी सांगून ठिवली हुती," ती सुपावरून मान वर न करता म्हणाली. "चार दीस ठिवलं असतं की. आता सगळेच ठिवायलेत. तूच नगं म्हणलास. आमाला वाटलं, तुला रजा मिळंना."

रजा मिळाली असती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.